जाँ मोने अध्यासन आणि मॉड्यूल: युरोपीय एकीकरण शिकवण्यासाठी निधी कसा मागावा

युरोपीय संघाविषयी शिकवणाऱ्या विद्यापीठीय पदांना आणि अभ्यासक्रमांना युरोपीय संघ स्वतः पैसे देतो, आणि ते मिळवायला संस्था युरोपात असण्याची अट नाही. दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि कर्नाटकातले मणिपाल या दोन्ही ठिकाणी या योजनेतून काम झाले आहे. मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर किंवा गोव्यातल्या संस्थेनेही अर्ज करावा असे मला मनापासून वाटते, कारण आपल्या भागाचा युरोपीय कायद्याशी रोजचा संबंध आहे आणि तो शिकवणारे वर्ग मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. पहिल्यांदाच या वाटेला जाणाऱ्या प्राध्यापकांसाठी हा लेख आहे.

आधी योजना समजून घ्या

योजनेचे नाव ‘जाँ मोने कृती’. मोने यांचा जन्म १८८८ चा, फ्रान्समधल्या कोन्याक गावातल्या ब्रँडी-व्यापारी घराण्यातला. सोळाव्या वर्षी त्यांनी शाळा सोडली. विद्यापीठाची पायरी ते कधी चढलेच नाहीत. युरोपीय एकीकरणाची सुरुवात करून देणाऱ्या ९ मे १९५० च्या शुमन जाहीरनाम्याचा मसुदा मात्र त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केला आणि १९५२ मध्ये आजच्या संघाची पूर्वसंस्था असलेल्या कोळसा-पोलाद समुदायाच्या उच्चाधिकार मंडळाचे ते पहिले अध्यक्ष झाले.

त्यांच्या नावाची ही योजना १९८९ मध्ये आखली गेली. सदस्य देशांची मिळून एकच बाजारपेठ करण्याची तयारी चालू होती, आणि युरोपीय कायदा, अर्थकारण, इतिहास शिकवणारी पदे विद्यापीठांत पुरेशी नव्हती. सुरुवातीला पद्धत अशी होती की पहिली तीन वर्षे युरोपीय आयोग, म्हणजे संघाचे कार्यकारी मंडळ, खर्चाचा वाटा उचलणार आणि पुढची निदान चार वर्षे ते अध्यापन विद्यापीठाने स्वतःच्या बळावर चालू ठेवायचे. तपशील पुढे बदलले, पण ‘आम्ही सुरुवात करून देतो, पुढे तुम्ही चालवा’ हा विचार आजच्या गुणांकनातही दिसतो. आज ही योजना इरॅस्मस प्लस या संघाच्या शिक्षणविषयक कार्यक्रमाचा भाग आहे. त्याचे चालू चक्र २०२१ ते २०२७ असे आहे आणि कारभार ब्रुसेल्समधली युरोपीय शिक्षण व संस्कृती कार्यकारी संस्था पाहते. तिला सगळे ‘इएसीइए’ म्हणतात.

उच्च शिक्षणासाठी तीन प्रकारची मदत मिळते. मॉड्यूल म्हणजे एक छोटा अभ्यासक्रम, वर्षाला किमान ४० तास. अध्यासन, म्हणजे चेअर, एका अनुभवी प्राध्यापकाच्या नावाने असते, वर्षाला किमान ९० तास. तिसरे उत्कृष्टता केंद्र. त्यात अनेक विषयांचे तज्ज्ञ एकत्र येतात. तिन्हींची मुदत तीन वर्षे. चालू चक्राच्या पहिल्या वर्षी, २०२१ मध्ये, कमाल अनुदान मॉड्यूलला ३०,००० युरो, अध्यासनाला ५०,००० युरो आणि केंद्राला १,००,००० युरो होते. या मर्यादा बदलतात, म्हणून ज्या वर्षी अर्ज कराल त्याच वर्षीची इरॅस्मस प्लसची मार्गदर्शिका उघडा. जुन्या पीडीएफवरून अंदाजपत्रक बांधू नका.

अध्यासन म्हणजे नवी नोकरी नव्हे

हा गैरसमज इतका सार्वत्रिक आहे की तो आधीच दूर केलेला बरा. आपल्या विद्यापीठांत थोर व्यक्तींच्या नावाने अध्यासने असतात. त्यांना स्वतंत्र निधी असतो आणि कधी कधी स्वतंत्र पदही असते. जाँ मोने अध्यासनात ब्रुसेल्स कोणाची नेमणूक करत नाही, जाहिरात काढत नाही, मुलाखत घेत नाही. प्राध्यापक आधीपासून तुमच्या संस्थेत कायम पदावर असतो आणि त्याचा पगार संस्थाच देत असते. संघ पैसे देतो ते त्याने तीन वर्षे ठरलेले तास युरोपीय संघाचा विषय शिकवावा आणि त्याभोवती चर्चासत्रे, लेखन, सार्वजनिक व्याख्याने असे काम करावे यासाठी. अर्जदारही व्यक्ती नसून संस्था असते. मधेच प्राध्यापक संस्था सोडून गेला, तर तितक्याच तयारीची दुसरी व्यक्ती सुचवून इएसीइएची लेखी संमती घ्यावी लागते.

त्यामुळे तात्पुरत्या किंवा तासिका तत्त्वावर असलेल्या शिक्षकाला अध्यासनाच्या आशेवर ठेवू नये. मॉड्यूलमध्ये त्याला अध्यापनाच्या गटात घेता येते, आणि ते जरूर करावे.

पहिल्यांदा अर्ज करणाऱ्या संस्थेने मॉड्यूलच मागावे हे माझे स्पष्ट मत. अध्यासनाच्या अर्जात त्या एका प्राध्यापकाचे युरोपीय संघावरचे काम बारकाईने तपासले जाते. जागतिक राजकारणावर वीस लेख आणि संघावर एकही नाही, अशा यादीला तिथे किंमत कमी. मॉड्यूलमधून तीन वर्षांचे अध्यापन, त्यातून चार-दोन लेख, आणि मग अध्यासन हा क्रम पेलणारा आहे.

तासांचे गणित

‘अध्यापनाचे तास’ या शब्दांना मार्गदर्शिकेत नेमका अर्थ आहे. व्याख्यान, परिसंवाद, गटाने घेतलेली शिकवणी हे मोजले जाते, ऑनलाइन घेतले तरीही. एकेका विद्यार्थ्याला दिलेले मार्गदर्शन मात्र मोजत नाहीत. म्हणजे पीएचडीच्या विद्यार्थ्याबरोबर घालवलेले तास यात धरता येणार नाहीत.

आता हे आपल्या श्रेयांक पद्धतीत बसवून पाहा. व्याख्यानाचा एक श्रेयांक म्हणजे १५ तास. दोन श्रेयांकांचा ऐच्छिक विषय ३० तासांचा होतो. मॉड्यूलची ४० तासांची अट त्याने पुरी होत नाही. चार श्रेयांकांचा विषय ६० तासांचा, तो आरामात बसतो. दोन-दोन श्रेयांकांचे दोन विषय, एक विषम सत्रात आणि एक सम सत्रात, असे केले तरी ६० होतात, आणि दोन वेगळ्या विभागांचे विद्यार्थी मिळतात. मला ही दुसरी रचना अधिक आवडते. कारण पुढे येईलच. अध्यासनासाठी चार आणि दोन मिळून सहा श्रेयांक घेतले की बरोबर ९० तास होतात, पण तेवढ्यावर थांबू नये. निवडणुकीच्या ड्युट्या, परीक्षेचे लांबलेले वेळापत्रक, गणपतीची सुट्टी यांत पाच-सहा तास सहज जातात. शंभराच्या पुढचे नियोजन ठेवले तर तिसऱ्या वर्षाच्या शेवटी धावपळ होत नाही.

नवा विषय अभ्यास मंडळ आणि विद्या परिषदेतून मंजूर व्हायला वेळ लागतो. अर्ज मंजूर होण्याची वाट पाहून मग प्रस्ताव मांडला तर पहिले सत्र हातचे जाते. म्हणून मंजुरीची प्रक्रिया अर्जाआधीच सुरू करा. पैसे मिळाले नाहीत तरी विषय तर राहील.

विषय कोणता घ्यावा

इथे सगळ्यात जास्त विचार करा. ‘युरोपीय संघ: एक परिचय’ असा अर्ज जगभरातून येतो. मुंबई किंवा नाशिकहून आलेल्या अर्जात असे काहीतरी हवे जे इटलीतल्या बोलोन्याहून येणार नाही, पण केंद्रस्थानी मात्र युरोपीय एकीकरणच हवे. दोन गोष्टींची तुलना मांडायची असेल तर ती एकीकरणाच्या प्रक्रियांची असावी लागते; नुसता ‘भारत आणि युरोप: सांस्कृतिक संबंध’ हा विषय इथे चालत नाही.

नाशिकचे द्राक्ष घ्या. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ-नियंत्रकाचे अंश सापडल्यामुळे भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले आणि बागायतदारांचे मोठे नुकसान झाले. त्या एका घटनेतून अख्खे सत्र उभे राहते. कीडनाशकांच्या अंशांची मर्यादा संघाच्या २००५ च्या ३९६ क्रमांकाच्या नियमावलीने ठरते. ज्या रसायनासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा लागू होते. ही संख्या कोण ठरवते? इटलीतल्या पार्मा शहरातले अन्नसुरक्षा प्राधिकरण शास्त्रीय मत देते. निर्णय आयोग आणि सदस्य राष्ट्रांच्या समित्या घेतात. रॉटरडॅमच्या बंदरातली तपासणी मात्र डच यंत्रणा करते. कायदा सगळ्यांचा एक आणि अंमलबजावणी प्रत्येक देशाची, हे एकीकरणाचे मूळ सूत्र विद्यार्थ्याला द्राक्षाच्या पेटीवरून समजते. आणि त्याच वर्गात निफाड-दिंडोरीच्या बागायतदारांची मुले बसलेली असू शकतात.

हापूसही असाच. १ मे २०१४ पासून संघाने भारतीय आंब्यावर आणि त्याबरोबर वांगी, अळू, कारली, पडवळ यांवर बंदी घातली, कारण मालात फळमाशीसारख्या किडी सापडत होत्या. आंब्यावरची बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली. त्या वेळी ब्रिटन संघात होता. तिथल्या व्यापाऱ्यांना आणि भारतीय वंशाच्या ग्राहकांना आंबा हवा होता, तरी लंडनला एकट्याने तो आत घेता आला नाही. सार्वभौमत्व एकत्र करणे म्हणजे काय, याचे इतके जवळचे उदाहरण कोकणातल्या विद्यार्थ्याला दुसरे मिळणार नाही.

आणखी विषय हवे असतील तर पुण्याच्या आयटी कंपन्यांवर २५ मे २०१८ पासून परिणाम करणारा विदासंरक्षण नियम (जीडीपीआर), म्हणजे लोकांची वैयक्तिक माहिती जपण्याचा संघाचा कायदा, आहे. पोलाद आणि ॲल्युमिनियमवर सीमेवरचा कार्बन-आकार, म्हणजे माल बनवताना झालेल्या कार्बन उत्सर्जनावर आयातीच्या वेळी होणारी आकारणी, आहे. त्याचा संक्रमणकाळ १ ऑक्टोबर २०२३ ला आणि प्रत्यक्ष टप्पा १ जानेवारी २०२६ ला सुरू झाला. भारत-युरोप मुक्त व्यापाराची बोलणी २००७ मध्ये सुरू होऊन २०१३ मध्ये थांबली आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. तीही एका सत्राला पुरून उरतील.

मघाशी दोन विभागांची गोष्ट केली तिचे कारण इथे आहे. एरवी ज्यांचा संघाच्या अभ्यासाशी संबंध येत नाही अशा विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचावे, असे योजनाच सांगते. राज्यशास्त्र, कायदा, अर्थशास्त्र यांच्या पलीकडे शेती, अभियांत्रिकी, औषधनिर्माण, वास्तुकला यांचे वर्ग. कृषी महाविद्यालयात शिकवले जाणारे द्राक्षाचे मॉड्यूल गुणांच्या दृष्टीने चांगले आहेच, पण त्या मुलांना पुढे निर्यातीच्या कामात ते खरोखर उपयोगी पडणार आहे.

नोंदणी आणि कागदपत्रे

अर्ज फक्त ऑनलाइन, युरोपीय आयोगाच्या निधी व निविदा पोर्टलवर. आधी स्वतःचे ‘इयू लॉगिन’ खाते काढा. मग संस्थेचा नऊ अंकी ओळख क्रमांक शोधा. त्याला ‘पिक’ म्हणतात. मोठ्या विद्यापीठांकडे जुन्या इरॅस्मस देवाणघेवाणीतून किंवा संशोधन प्रकल्पातून तो आधीच असण्याची शक्यता दाट असते. आंतरराष्ट्रीय केंद्रात विचारा, पोर्टलवरही नावाने शोधता येतो. न शोधता दुसरा काढला की एकाच संस्थेचे दोन क्रमांक होतात आणि पडताळणीच्या वेळी गुंता होतो. युरोपातल्या विद्यापीठांना इरॅस्मस सनद लागते. भारतासारख्या देशांतल्या संस्थांना ती लागत नाही.

संलग्न महाविद्यालयांनी एक प्रश्न सुरुवातीलाच सोडवावा: कायद्याच्या दृष्टीने संस्था कोण? महाविद्यालय, ते चालवणारी शिक्षण संस्था, की विद्यापीठ? करारावर सही कोण करणार आणि बँक खाते कोणाच्या नावाने आहे, हे प्राचार्य, संस्थेचे सचिव आणि गरज पडल्यास विद्यापीठाचे कुलसचिव यांनी एकत्र बसून ठरवावे.

पैशांचा प्रश्नही अर्जाआधीचा. परदेशी निधी म्हटला की परदेशी अंशदान नियमन कायदा, २०१०, म्हणजे एफसीआरए, विचारात घ्यावा लागतो. या कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थांना अशी रक्कम नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच स्वीकारावी लागते. राज्य विद्यापीठ, खासगी विद्यापीठ आणि विश्वस्त संस्थेचे महाविद्यालय यांची स्थिती एकसारखी नसते. आपल्या संस्थेला काय लागू आहे ते वित्त व लेखा अधिकाऱ्याकडून लेखी घ्या. ब्रुसेल्सने हो म्हटल्यावर इथे खाते नाही म्हणून करार रखडावा, यासारखे वाईट काही नाही.

अर्ज लिहिताना

मार्गदर्शिका साधारणपणे आदल्या वर्षाच्या अखेरीस येते आणि मुदत फेब्रुवारीच्या आसपास संपते. ब्रुसेल्सचे संध्याकाळचे पाच म्हणजे हिवाळ्यात आपले रात्रीचे साडेनऊ. शेवटच्या दिवसावर विसंबू नका. पोर्टलवर जमा केलेला अर्ज मुदतीपर्यंत पुन्हा उघडून बदलता येतो, म्हणून दोन दिवस आधी एक प्रत जमा करून ठेवावी आणि मग सुधारणा कराव्यात.

अर्जाचे दोन मुख्य भाग. पहिल्यात प्रशासकीय माहिती, दुसऱ्यात प्रकल्पाचे वर्णन. दुसऱ्या भागाला पानांची मर्यादा असते आणि तिच्या पुढची पाने परीक्षकांपुढे जातच नाहीत.

गुण शंभरपैकी. विषयाची प्रस्तुतता, आखणी आणि अंमलबजावणीची गुणवत्ता, सहभागी व्यक्ती आणि सहकार्याची गुणवत्ता, आणि परिणाम, प्रत्येकी २५. निवडीच्या विचारात यायला एकूण किमान ७० आणि प्रत्येक निकषात किमान १५ लागतात. एका बाजूला २४ मिळवून दुसरीकडची १३ ची तूट भरून निघत नाही.

आपले अर्ज बहुधा दुसऱ्या आणि चौथ्या निकषात कमी पडतात. आखणीत तारखा, तास, कोण शिकवणार, कोणत्या वर्षाचे किती विद्यार्थी, परीक्षा कशी, हे सगळे स्वच्छ लागते. ‘विद्यार्थ्यांना युरोपीय मूल्यांची ओळख होईल’ हे वाक्य परीक्षकाला काहीच सांगत नाही. ‘दुसऱ्या सत्रात बी.एस्सी. कृषीचे साठ विद्यार्थी, दर आठवड्याला चार तास, त्यांपैकी एक तास प्रत्यक्ष निर्यात-कागदपत्रांवर’ हे सांगते. परिणामात तर आणखी ठोस लिहा: तीन वर्षांनी हा विषय अभ्यासक्रमात राहील याचा पुरावा काय? अभ्यास मंडळाचा ठराव जोडता आला तर तोच सर्वांत बळकट पुरावा. मराठीतून लिहिलेली वाचनपुस्तिका, बागायतदार संघासाठी खुले व्याख्यान, स्थानिक वर्तमानपत्रातला लेख हे सगळे परिणामात मोडते. विद्यापीठाबाहेरच्या माणसांपर्यंत विषय नेणे हे योजनेचे एक उद्दिष्टच आहे, आणि महाराष्ट्रात ते मराठीतूनच होऊ शकते. साहित्य सर्वांना खुले ठेवावे लागते, हेही अंदाजपत्रक करताना लक्षात असू द्या.

तिसऱ्या निकषाच्या नावात सहकार्य असले तरी मॉड्यूल आणि अध्यासनासाठी अर्जदार संस्था एकच असते. तिथे पाहिले जाते ते शिकवणाऱ्यांचे ज्ञान. प्रत्येकाचा परिचय युरोपीय संघाशी संबंधित कामापुरता छाटून द्या. मानसन्मानांची यादी नको.

पैसे कसे येतात

रक्कम एकठोक ठरते, पावतीपावतीने नव्हे. मॉड्यूल आणि अध्यासनासाठी देश आणि वार्षिक तास यांवरून मार्गदर्शिकेतल्या तक्त्यात आकडा मिळतो. देशानुसार दर वेगळे, त्यामुळे लक्झेंबर्गमधल्या ९० तासांची आणि भारतातल्या ९० तासांची रक्कम सारखी नसते. कमाल मर्यादेचा आकडा पाहून कुलगुरूंना आश्वासन देऊ नका. आधी तक्ता पाहा.

करारानंतर पहिला हप्ता येतो, उरलेले अंतिम अहवाल मान्य झाल्यावर. पावत्या मागितल्या जात नाहीत म्हणून नोंदी ठेवायच्या नाहीत असे मात्र नाही. काम झाल्याचा पुरावा लागतो: वेळापत्रक, हजेरी, अभ्यासक्रम, कार्यक्रमांची छायाचित्रे, प्रकाशने. अर्जात ठरवलेल्या कामांचा एखादा संच (वर्क पॅकेज) पुरा झाला नाही तर त्याचे पैसे कापले जातात. शिवाय आपल्या संस्थेचे स्वतःचे लेखापरीक्षण असतेच. पहिल्या तासापासून हजेरी नीट ठेवा.

निवड कोण करते

प्रत्येक अर्ज स्वतंत्र बाह्य तज्ज्ञ वाचतात, नंतर मूल्यमापन समिती यादी लावते. शिफारशीला किंवा ओळखीला यात जागा नाही, आणि आपल्याकडून अर्ज करणाऱ्यांच्या दृष्टीने ही फार चांगली बाब आहे. अगदी सुरुवातीच्या वर्षांतही निवडीसाठी प्राध्यापकांची एक युरोपीय विद्यापीठ परिषद होती, कारण राजकीय संस्थेच्या पैशाने विद्वत्ता विकत घेतली जाते हा आक्षेप तेव्हापासूनच होता. आक्षेप गंभीर आहे आणि प्रत्येक अर्जदाराने तो स्वतःला विचारावा. माझे उत्तर असे: चारही निकषांत स्तुतीला गुण नाहीत. युरो चलनावरचे संकट, २०१५ चा निर्वासितांचा प्रश्न, ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटनचे बाहेर पडणे, भारतीय शेतकऱ्याला जाचक वाटणारे नियम हे सगळे अभ्यासक्रमात मोकळेपणाने असले पाहिजे. ते नसेल तर तो विद्यापीठाचा विषय म्हणवणार नाही.

मुदतीपासून निकालापर्यंत साधारण पाच-सहा महिने आणि करारापर्यंत नऊएक महिने धरा. म्हणजे फेब्रुवारीत केलेल्या अर्जाचे पहिले वर्ग आपल्या सम सत्रात सुरू करणे सोयीचे.

नकार आला तर

निकालाबरोबर प्रत्येक निकषाचे गुण आणि परीक्षकांचे शेरे असलेला मूल्यमापन अहवाल येतो. प्रक्रियेत चूक झाली असे वाटले तर ३० दिवसांत फेरतपासणीची विनंती करता येते, पण परीक्षकाचे शैक्षणिक मत पटले नाही एवढ्यावर ती टिकत नाही. बहुतेक वेळा शहाणपणाची गोष्ट म्हणजे तोच अहवाल समोर ठेवून अर्ज पुन्हा लिहिणे. ६५ ते ७० च्या दरम्यान गुण असतील तर विषय बदलू नका. ज्या निकषात कमी पडलात तेवढाच भाग नव्याने बांधा. गुण पन्नाशीत असतील तर विषयापासूनच सुरुवात करा, आणि या वेळी संघाविषयी आधीपासून शिकवणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याला, दुसऱ्या विद्यापीठातला असला तरी चालेल, मसुदा वाचायला द्या. चालू चक्र २०२७ ला संपते, पुढच्या चक्राचे नियम आणि रकमा वेगळ्या असू शकतात. अभ्यास मंडळाची मंजुरी, ओळख क्रमांक आणि वित्त अधिकाऱ्याचे पत्र मात्र तेव्हाही कामाला येईल, म्हणून या तिन्ही गोष्टी याच वर्षी हातात घ्या.